अर्धं वाक्य
उतारावर ब्रेक निकामी झाले, तेव्हा ड्रायव्हरने बस मातीच्या ढिगाऱ्यात घुसवून थांबवली. सगळे वाचले, एका आजींचा हात तेवढा मोडला. तेव्हापासून त्याने स्टिअरिंगला हात लावला नव्हता. बायको समजावून थकली, पण त्याचं एकच पालुपद, "माझ्यामुळे आजींचा हात मोडला."

आज नोकरी सोडतो असं सांगायला तो डेपोत आला, तर प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून त्याच आजी दारात उभ्या.

"आजी, माझ्यामुळे तुमचा हात…"

"मोडला. आणि?"

"आणि काय?"

"अहो, पुढचं बोला की! माझी नातही होती बसमध्ये. ती कुणामुळे वाचली?"

"माझ्यामुळे," तो कसाबसा म्हणाला. मग डेपोभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, "माझ्यामुळे वाचली!"

"मग इतके दिवस अर्धंच वाक्य काय घोकत बसलात? चला, बाहेर बस लागली आहे. नात कधीची तुमच्या मागची सीट धरून बसलीय. दुसरा कुणी चालवणार असेल तर उतरते म्हणाली."

डोळे पुसून तो साहेबांच्या खोलीत शिरला आणि हात पुढे करून म्हणाला, "किल्ली द्या."