खालचा सूर

१९९६ सालचा ऑक्टोबर. अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या हॉस्पिटलात शरयूताई एतेरीच्या उशाशी बसल्या होत्या. एतेरी शेजारीण, जॉर्जिया देशातून लेकीकडे आलेली; शरयूताई सांगलीहून मुलाकडे. एकीची भाषा दुसरीला येत नव्हती. उन्हाळाभर अंगणात अक्रोड फोडताना एतेरीने त्यांना तिकडचं एक जुनं गाणं शिकवलं होतं. वरचा सूर तिचा, खालचा यांचा. खालच्याला शब्द नव्हते, नुसता आकार धरायचा.

"आई, तुमचा तंबोरा केलाय तिने," सून उल्का चिडवायची.

आज पार्किंग लॉटमध्ये एतेरीच्या नातीने, नीनोने, उल्काला गाण्याचा अर्थ सांगितला. कुणीतरी आपल्या माणसाची कबर शोधत हिंडतो. उल्काकडून तो ऐकल्यापासून शरयूताईंच्या जिवाला चैन नव्हतं.

एतेरीने डोळे उघडले. यांना पाहून हसली, बोट उचललं आणि गाऊ लागली. आवाज धाग्याएवढा. पहिली ओळ संपवून ती थांबली. इथे यांनी सूर धरायचा.

शरयूताईंनी तिच्या ओठांवर हात ठेवला. "नको गं बाई, आजारपणात असलं अभद्र. बरी हो, मग अंगणात गाऊ."

पलीकडे उभी नीनो काही सांगायला पुढे झाली, तशी एतेरी तिच्या कानात काहीतरी पुटपुटली. नीनो मागे सरली. मग एतेरीने दुसरी ओळ एकटीनेच उचलली. ती मध्येच तुटली.

"येते हं," म्हणून शरयूताई उठल्या. दोन दिवसांत एतेरी गेली.

पुढल्या वर्षी नीनोच्या लग्नात ग्लास उंचावून सगळ्यांनी तेच गाणं म्हटलं. म्हाताऱ्यांनी, पोरांनी, खुद्द नवरीनेही.

"लग्नात? हे?" शरयूताईंनी उल्काला विचारायला लावलं.

"ते तर बारशालाही गातात म्हणे, आई. आजाऱ्यापाशी तर हमखास."

"मग त्या दिवशी हॉस्पिटलात नीनो बोलली का नाही?"

उल्काने विचारलं. उत्तर सांगताना तिचा आवाज उतरला. "तिच्या आजीनेच अडवलं तिला. म्हणाली, शरयू घाबरलीय, तिला आग्रह करू नकोस."

नीनो नवऱ्याबरोबर टेक्सासला गेली. उल्काने दुसऱ्या गावी, नोव्हायला, घर घेतलं. शरयूताई सांगलीला परतल्या. वाती वळताना त्या अजून तो सूर धरतात. आजी कुठलं गाणं म्हणते, ते घरात कुणालाच ओळखता येत नाही. मधेमधे त्या थांबतात, एतेरीची वरची ओळ संपेपर्यंत, आणि मग पुन्हा खालचा आकार लावतात.