पोटावरचा डोळा

डोळा पोटावर उगवला होता.

मामाने सूक्ष्मदर्शकावरून मान वर केली आणि उसासा टाकला. बेडकाच्या त्या इवल्याशा गर्भात डोक्याकडचा एक कण त्यानेच उचलून पोटाच्या कातडीखाली ठेवला होता. पुढे ओळख पटावी म्हणून तो आधी निळ्या रंगात भिजवून घेतला होता. सुरुवातीला गर्भातल्या पेशींना काहीही होता येतं. तेव्हा हलवल्या तर त्या नव्या शेजाऱ्यांचं पाहून त्यांच्यासारख्या होतात. पण एकदा वेळ टळली की त्यांचं ठरून गेलेलं असतं. मग त्यांना कुठेही नेऊन ठेवा, त्या आपलंच खरं करतात. हा कण त्याने मुद्दाम उशिरा हलवला होता. आता पोटाच्या मऊ कातडीखाली डोळ्याची निळी वाटी तयार झाली होती.

प्रयोग अपेक्षेप्रमाणे झाला होता. मामाला मात्र कुणीतरी तोंडावर नकार दिल्यासारखं वाटलं.

कारण मागे स्टुलावर भाची बसली होती. शाळेला सुट्टी होती म्हणून तो तिला प्रयोगशाळेत घेऊन आला होता. ताई आणि भावोजी अपघातात गेले तेव्हा तिला नुकतंच दहावं सरलं होतं. मामा-मामींना मूलबाळ नव्हतं. त्यांनी तिला मायेने घरी आणलं आणि ती आपल्यातली कधी होते याची वाट बघत राहिले. ती हट्ट करत नव्हती, रडत नव्हती, पण रुळतही नव्हती. जेवताना ताईसारखीच गुणगुणायची. ‘तुमचा साबण’, ‘तुमचं कपाट’ म्हणायची. आणि दारात चपला काढल्या की त्यांची टोकं न चुकता बाहेरच्या बाजूला वळवून ठेवायची.

“पाहुणीच आहे हो पोरगी,” मामी एकदा म्हणाली होती. “चपलासुद्धा निघायच्या तयारीत.”

तिची आजी, म्हणजे भावोजींची आई, दुसऱ्या गावी एकटीच राहायची. नात माझ्याकडे द्या, असं तिचं म्हणणं होतं. आज संध्याकाळी तिचा फोन यायचा होता आणि आज तिला काय ते सांगायचं होतं.

“मग काय सांगणार?” मामीने सकाळी विचारलं होतं.

“जाऊ दे तिला. उशिरा हलवलेलं नाही रुजत.”

“ती काय तुमचा बेडूक आहे?” मामी म्हणाली. चहा निवून गेला.

“मी बघू?” मागे स्टुलावरून भाचीने विचारलं.

मामा सरकला. ती डोळा लावून बराच वेळ पाहत राहिली.

“मामा, याला परत डोक्यात ठेवता येईल?”

“आता नाही गं. आजूबाजूला चिकटलाय तो. उचलला तर दोन्हीकडचं फाटेल.”

“मग पोटात बसून हा बघणार काय, डोंबल?”

मामाला हसू आलं. “काहीच नाही. नुसती वाटी आहे ती. दिसायला पुढे भिंग लागतं, आणि ते डोक्याच्या कातडीतून तयार होतं. इथे आहे पोटाची कातडी. तिला बिचारीला काय ठाऊक भिंग कसं व्हायचं ते.”

तेच नीट दाखवावं म्हणून त्याने पुन्हा डोळा लावला, आणि तो आणखी खाली वाकला.

निळ्या वाटीच्या तोंडाशी एक थेंब होता. गोल, स्वच्छ, आरपार दिसणारा. त्यात निळ्याचा टिपूस नव्हता. म्हणजे तो बाहेरून आलेला नव्हता, तिथलाच होता. जिने जन्मभर पोटाची कातडी म्हणूनच राहायचं, ती त्या डोळ्याला टेकून टेकून भिंग झाली होती. असं घडतं हे त्याने पुस्तकांत वाचलं होतं. पण आपल्या हातून घडेल, असं त्याला कधी वाटलंच नव्हतं. सकाळपासून तो फक्त निळं तेवढं शोधत होता. जे हलवलं ते बदललं का, एवढंच तपासत होता. जे जागच्या जागी होतं, त्याच्याकडे बघायचं त्याला सुचलंच नव्हतं.

“काय झालं?” भाचीने विचारलं.

“भिंग आलंय.”

“कुणी दिलं?”

“पोटाने,” मामा म्हणाला.

संध्याकाळी दोघं घरी आली. मामी स्वयंपाकघरात होती. आतून गुणगुणण्याचा आवाज येत होता, आणि सूर साफ चुकत होता. भाचीने चपला काढल्या, वाकून त्यांची टोकं बाहेर वळवली.

“अशा का ठेवतेस गं?” इतक्या दिवसांत मामाने हे पहिल्यांदाच विचारलं.

“आई ठेवायची. सकाळी घाईत बरं पडतं. नुसते पाय घालायचे नि पळायचं.”

मामानेही चपला काढल्या. वाकला, टोकं बाहेर वळवली, आणि त्याचा हात तसाच थांबला. हे तो कधीपासून करत होता, ते त्याला आठवेना. शेजारी मामीच्या चपला होत्या. त्यांचीही टोकं बाहेर होती.

फोन वाजला. मामी पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली. भाची भिंतीला टेकून आपल्या बोटांकडे बघू लागली.

“काय म्हणते आमची पोर?” पलीकडून आजीने विचारलं. “रुळली का तुमच्याकडे?”

मामाने दारातल्या चपलांच्या तीन जोडांकडे पाहिलं.

“तिचं तिला विचारा, आजी,” तो म्हणाला. “पण रुळण्याचं म्हणाल, तर आम्ही रुळलो.”