नाक गेलेली सून

डॉक्टरीणबाईंची पांढरी गाडी अंगणात थांबली आणि खाटेवरच्या झुंबरबाईंनी दाराकडे मान वळवली. आज सुनेच्या नाकाची परीक्षा होती.

गेल्या पावसाळ्यातल्या तापात रेश्माचं नाक गेलं. वास म्हणून कसला येईना. डॉक्टर निकिता नगरहून येऊन सोनईत अशाच लोकांवर संशोधन करत होत्या. सुनीलनं बायकोचं नाव त्यात घातलं. लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी अशा बाटल्या मिळाल्या, सकाळ-संध्याकाळ हुंगायला. गावातल्या बाकीच्यांची नाकं एकेक करून परत येत होती. रेश्माचं येऊ नये म्हणून झुंबरबाई घोडेश्वरीला हात जोडत होत्या. सासूच ती, असं म्हणायला लोक मोकळे!

पण म्हातारीचंही दुखणं होतं. मिसरीनं तिचा गाल आतून पोखरला होता. त्याच पावसाळ्यात ऑपरेशन झालं, तरी जखम वाहायची आणि वास सुटायचा. सख्खा मुलगा सुनील, तोही उंबऱ्यावरूनच विचारपूस करायचा. शेजारणी पदर नाकाला लावून बसत. ते बघून झुंबरबाईंनी जेवण टाकलं होतं. मग रेश्माचं नाक गेलं आणि घास पुन्हा उतरू लागला. जिला वासच नाही तिच्यापुढं लाजायचं कशाला? जखम धुताना रेश्मा अगदी तोंडाशी तोंड न्यायची, लवंग चघळत गप्पा मारायची.

"आत्या, वास न्हाई तर न्हाई, जिभेला तरी झोंबू दे," म्हणायची.

नाक परत आलं की हीसुद्धा पदर लावणार. मग पुन्हा अन्नाला शिवायचं नाही, हे झुंबरबाईंनी मनाशी पक्कं केलं होतं.

पडवीत परीक्षा सुरू झाली. झुंबरबाई या कुशीवरून त्या कुशीवर होत होत्या. कान सगळा तिकडे.

"हा कसला वास?"

"कायबी न्हाई."

"आणि हा?"

"न्हाई, म्याडम."

"आता ही शेवटची. जोरात ओढा."

रेश्माला ठसका लागला. डोळे पुसत ती म्हणाली, "कायबी न्हाई."

झुंबरबाईंचा जीव भांड्यात पडला. लगेच लाजही वाटली. पोरीचं वाईट चिंतलं आपण, आणि देवीनं ऐकलंही. त्यांनी डोळे मिटून घेतले.

डॉक्टरीणबाईंनी आत डोकावून पाहिलं. आजी झोपल्यात असं वाटून त्यांनी आवाज खाली आणला.

"रेश्माताई, शेवटच्या बाटलीत अमोनिया होता. नाक गेलेल्यालाही तो झोंबतो, आणि तो तसं सांगतो. 'काही नाही' म्हणतो तो फक्त खोटं बोलणारा. खरं सांगा, वास कधीपासून यायला लागला?"

"गेलाच न्हवता, म्याडम. हळू बोला, आत्यांचं जेवान व्हायचंय अजून."