नारळ आणि लिंबू

पौर्णिमेच्या उधाणात खाडीचा बांध फुटला आणि चांगुणाबाईचं पोटरीला आलेलं भात खाऱ्या पाण्याखाली गेलं. चार दिवसांनी मुंबईहून बांधखात्याचे मोठे साहेब आले. शाळेच्या पडवीत त्यांनी सत्काराचा नारळ टेबलाच्या पार टोकाला ठेवला आणि सरबतासाठी आणलेलं लिंबू आपल्या पाण्याच्या पेल्याशी.

"हा नारळ म्हणजे सूर्य. अवाढव्य, पण लांब. लिंबू म्हणजे चंद्र. लहान, पण जवळ, म्हणून भरतीत त्याचाच जोर जास्त. आता चंद्रापुढे आमचं खातं काय करणार?"

चांगुणाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उन्हाळ्यात बांधाला चीर दिसल्यापासून तिने तीन अर्ज दिले होते, प्रत्येकात पुढच्या उधाणाची तिथी घालून. ती उठली आणि नारळ उचलून तिने साहेबांच्या पुढ्यात आदळला.

"तुमचं खातं म्हणजे हा नारळ, साहेब. मोठं, पण इतकं लांब की आमच्या बांधापर्यंत काही पोचत नाही. चंद्राला कशाला बोल लावता? तो बारका असला तरी तिथी सांगून येतो. अकरा दिवसांनी अमावास्येचं उधाण आहे, ते घेऊन तो येणारच. तुम्ही कधी येता, ती तिथी सांगा."