आडवी स्टेपनी

माझ्या गाडीचा टायर पंक्चर झाला आणि मी दार उघडायच्या आत एक मोटारसायकलवाला मागे येऊन उभा राहिला. इतक्या पटकन? त्याच्या डाव्या हाताला दोन बोटं नव्हती. काय उद्योग करताना गेली असतील, कोण जाणे. मी गुपचूप त्याच्या नंबरप्लेटचा फोटो काढून नवऱ्याला पाठवून ठेवला.

“ताई, हँडब्रेक ओढा आणि खाली उतरा,” तो म्हणाला. मी उतरले, पण हँडब्रेक मुद्दाम ओढला नाही. पळायची वेळ आली तर तेवढंच एक काम कमी. रस्ता दिसायला तर सपाटच होता.

त्याने चाकाचे नट सैल केले, जॅक लावून गाडी उचलली आणि पंक्चर चाक काढलं. मग डिकीतून माझी नवीकोरी स्टेपनी काढली आणि बसवायची सोडून गाडीखाली आडवी सरकवली. इथेच पाणी मुरतंय, म्हणत मी ती बाहेर ओढायला खाली हात घातला.

“ताई, हात काढा.”

तेवढ्यात गाडी जराशी पुढे सरकली, जॅक कलंडला आणि गाडी धाडकन खाली आली. आली ती थेट स्टेपनीवर टेकली. खाली वीतभर फट उरली होती. तिच्यात माझा हात होता, पाचही बोटांसकट.

“स्टेपनी खाली कशाला ठेवली होती?” मी कसंबसं विचारलं.



त्याने डावा हात पुढे केला. “त्या दिवशी ठेवली नव्हती, ताई.”