बेचाळीस पावलं

"घर सात मिलिमीटर वर आलंय," मोजणीवाल्यानं दुर्बिणीवरून डोळा न काढता सांगितलं.

शिंपीण दारातच उभी होती, गळ्यात टेप.

"वर?"

"वर."

"घर म्हणजे काय पाव आहे, फुगायला?"

मोजणीवाला हसला नाही. त्याच्या कागदावर एकच रकाना होता, 'हालचाल'. वर की खाली, हे कार्यालय विचारत नसे. पाचाच्या पुढं गेली की घर रिकामं करायचं, एवढंच. गल्लीत नळासाठी चर खणला आणि भिंतीला भेग पडली, तेव्हापासून तीन महिने तो दर पंधरवड्याला येत होता. आजचं मोजमाप शेवटचं.

आतल्या खोलीत तिचा नवरा खाटेवर पडून होता. डावं अंग गेलेलं. दुसरीकडं राहायला जायचा विषय निघाला की तो भिंतीकडं तोंड फिरवायचा, आणि तिथं नेमकी तीच भेग. पण 'असं कसं?' विचारल्याशिवाय शिंपिणीला लहानपणापासूनच चैन पडत नसे.

"थांबा साहेब, सही नका करू. घर वर कसं येईल?"

"काकू, आकडा खोटं बोलत नाही."

"आकडा नसेल बोलत, टेप बोलते. मागं महिनाभर माझी सगळी गिऱ्हाइकं बारीक झाली होती. एकजात सगळी! कापड मी लाकडी पट्टीनं बेतते. कपडे शिवले, तर एकाच्याही अंगात शिरेनात. टेप ताणली गेली होती माझी. तुम्ही कशापासून मोजता?"

त्यानं फूटपाथवरच्या लोखंडी झाकणाकडं बोट दाखवलं. बुजवलेला चर त्याला लागूनच गेला होता. शिंपिणीनं आतून पाण्याचा पेला आणला आणि झाकणावर ओतला. पाणी जराही न थांबता चराकडं पळालं.

"पहिल्या दिवशी इथूनच मोजलं होतं?"

"नाही. चर्चच्या पायरीवरून." त्याचा आवाज उतरला होता. "तिथल्या दगडावर खूण कोरलेली आहे. शहरातली सगळी उंची त्या खुणेपासून धरायची, असा नियमच आहे."

"मग?"

"दुसऱ्या खेपेपासून मधला रस्ता खणलेला होता. झाकण जवळ होतं."

चर्च समोरच होतं. लग्न लागल्यावर नवऱ्यानं तिचा हात धरून चर्चच्या पायरीपासून घराच्या दारापर्यंत पावलं मोजली होती. बेचाळीस. "घंटा सुरू झाल्यावर निघालो, तरी संपायच्या आत पोचू," असं म्हणून स्वतःच्या आळशीपणावर तो खूश झाला होता.

मोजणीवाल्यानं दुर्बिणीची तिपाई रस्त्याच्या मधोमध मांडली. शिंपिणीनं आकड्यांची पट्टी आधी घराच्या खुणेवर धरली, मग चर्चच्या दगडावर. त्यानं दोनदा हिशोब केला. मग तिसऱ्यांदा केला.

"पहिल्या दिवशीचाच आकडा, काकू. घर हललेलंच नाही. झाकण खचलंय." त्याचे कान लाल झाले होते. त्यानं सात खोडून शून्य लिहिलं. "भेग नुसत्या गिलाव्याची असणार."

शिंपीण चर्चच्या पायरीवर बसली. तिनं दगडातली खूण निरखून पाहिली.

"आणि हा दगड? हा नाही खचत?"

"खाली खडक आहे. शंभर वर्षांत केसभरही हलला नाही."

तिनं खुणेच्या खाचेत बोट घातलं. खाच गार होती.

"हे आजारी पडले आणि मी यायचीच थांबले. वर रस्ता खणलेला, चांगलं निमित्त मिळालं. मशीनवर बसून रोज देवबापाला ऐकवायचे, तू लांब गेलास म्हणून."

मोजणीवाला तिपाई मिटू लागला.

ती घरी आली तेव्हा नवऱ्याचं तोंड भिंतीकडंच होतं.

"किती?" त्यानं जड जिभेनं विचारलं.

"शून्य. आपण कुठंही जात नाही."

त्यानं डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांतून पाणी कानाकडं ओघळलं. ते तिनं पदरानं टिपलं आणि खाटेच्या कडेवर टेकली.

"येताना पावलं मोजली. चर्चपासून. बेचाळीस."

त्यानं मान हळूहळू भिंतीकडून तिच्याकडं वळवली.

"अजून तेवढीच?"

"तेवढीच."