उत्तरेची भिंत

दोरा उत्तरेच्या भिंतीपाशी आला आणि अडला.

सगळ्यांत पुढे एव्दोकिया होती. मेणात बुडवलेल्या सुती दोऱ्याची गुंडी तिच्या हातात होती आणि मागे गावातल्या अकरा बायका आपापल्या जागी दोरा भिंतीला दाबून उभ्या होत्या. संत मरिनाच्या चॅपलला, गावाच्या त्या लहानशा चर्चला, पुरता वेढा घालायचा, दोन्ही टोकांची दारात गाठ मारायची आणि मग त्याच दोऱ्याच्या मेणबत्त्या करून आत लावायच्या, असा नवस. गाठ पडेपर्यंत दोरा भिंतीपासून सुटता कामा नये. एव्दोकियाची सून स्तालो सातव्या महिन्यात होती आणि रविवारपासून लिमासोल शहरातल्या हॉस्पिटलात पडून होती. रक्त थांबत नव्हतं. याआधी दोनदा मूल पोटातच गेलं होतं.

आणि उत्तरेच्या भिंतीला चिकटून कोरा करकरीत संडास उभा होता.

तीस वर्षं चॅपलचं छप्पर कोसळलेलं होतं. गावाने चार उन्हाळे खपून ते उभं केलं, बायकांनी पाट्या भरभरून चुना वाहिला. शेवटच्या महिन्यात सगळी माणसं द्राक्षांच्या तोडणीला गेलेली असताना दुरुस्ती समितीचे अध्यक्ष हांबिस यांनी हे शेवटचं पुण्यकर्म उरकून घेतलं. नुसती दुरुस्ती करून भागत नाही, चॅपल पुन्हा गजबजलं पाहिजे, हे त्यांचं लाडकं वाक्य. बसने पाहुणे येणार, त्यांची सोय नको? आज उद्घाटन होतं. सगळ्यांची सोय त्यांनी पाहिली होती, फक्त गाव विसरले होते.

आता ते धावत आले. दोरा खोलीच्या बाहेरून न्या, छप्पर जोडलेलंच आहे, म्हणजे सगळी एकच इमारत, असं त्यांनी समजावलं. देव समजून घेतो, असं फादर पुटपुटले आणि बाजूला झाले.

"म्हणजे सुनेसाठी मी संडासाला नवस करू?" एव्दोकियाने विचारलं.

मागे कुणीतरी फिसकन हसलं. एव्दोकिया हसली नाही. खोलीला अलीकडे दार होतं, पलीकडे खिडकी. आतून नेला तर दोरा भिंतीलगत जाईल, एवढा हिशेब करून ती आत शिरली.

आत तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भिंत दिसतच नव्हती. सातशे वर्षांच्या दगडावर सिमेंट थापून जमिनीपासून छतापर्यंत पांढऱ्या टाइल्स बसवल्या होत्या. याच भिंतीच्या दुसऱ्या अंगाला संत मरिनाचं चित्र होतं. इतका निगरगट्टपणा करायला माणसाला किती कमी लाज असावी लागते, कोण जाणे.

तिने गुंडी एप्रनच्या खिशात टाकली, फ्लशच्या टाकीचं जड झाकण दोन्ही हातांनी उचललं आणि टाइल्सवर हाणलं.

हांबिस दारात येऊन ओरडले, "मावशी, वेड लागलंय का? सून तिकडे हॉस्पिटलात आणि तुम्ही इथे तोडफोड करताय. तिच्याजवळ जाऊन बसा."

"तिच्याजवळ तिची आई बसलीये. मला इथलं काम दिलंय." तिने पुन्हा झाकण टाइल्सवर हाणलं. "चुना आणा म्हणालास, आणला. दगड धुवा म्हणालास, धुतले. तेव्हा मावशी शहाणी होती."

झाकणाचे दोन तुकडे झाले. तिने अर्ध्या झाकणाने काम चालू ठेवलं. धाप लागली होती, बोटं सोलली होती, तरी ती थांबली नाही. टाइल्स खाली आल्या, त्यांच्यामागून सिमेंटची खपली आली आणि दगडाचा हातभर पट्टा दारापासून खिडकीपर्यंत उघडा पडला. तिने दोरा त्याच्यावर ताणला. मग हांबिसांचं मनगट धरून त्यांना आत ओढलं आणि त्यांचा पंजा दोऱ्यावर टेकवला.

"दाबून धर. गाठ पडेपर्यंत हात काढायचा नाही. काढलास तर स्तालोला फोन तूच कर."

गुंडी खिडकीतून बाहेर टाकून ती वळसा घालून उचलायला गेली.

हांबिस उद्घाटनाच्या सुटात भिंतीला हात लावून उभे राहिले. एकदा त्यांनी हात जरासा उचलून पाहिला. दोरा सैल पडला. त्यांनी घाईघाईने दुसराही हात त्यावर ठेवला.

तेवढ्यात प्रमुख पाहुणे आले. शहरातले मोठे अधिकारी, दोन तास घाटरस्त्याने गाडीत बसून आलेले. दारातून डोकावून त्यांनी फुटकं झाकण पाहिलं, आणि हे चालू आहे ना, असं जरा अवघडून विचारलं.

हांबिसांनी भिंतीवरची नजर हलवली नाही.

"तिकडे अक्रोडामागे जा साहेब," ते म्हणाले. "हे चर्च आहे."